बोअरवेलचा आयर्न फिल्टर, डिचोलीच्या लाल पाण्यासाठी : वापरून बघितल्यावरचं मत

आधी निकाल सांगते मग बाकीचं. फिल्टर चांगला आहे, काम करतो, ज्याने बसवून दिला त्याचं काम त्याहून चांगलं. पण आपलं पाणी तपासल्याशिवाय हा फिल्टर काय, कुठलाच फिल्टर घेऊ नका, आणि कोणी "आर्सेनिक काढणारं मशीन" म्हणून गळ्यात मारायला आलं तर त्याला आधी विचारा की आमच्या पाण्याचा पीएच किती (पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचा आकडा, सातच्या खाली म्हणजे आम्लधर्मी). उत्तर आलं नाही तर चहा पाजून परत पाठवा.

आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो, वाडा म्हणजे आमची वस्ती जरा उंचावर. नळ आहे, पण एप्रिल-मे मध्ये प्रेशर इतकं कमी की वरच्या टाकीत पाणी चढतच नाही, म्हणून बोअरवेल. बोअरचं पाणी काढल्या काढल्या काचेसारखं स्वच्छ दिसतं, बादलीत तासभर ठेवलं की पिवळट होतं आणि सकाळपर्यंत तळाला तांबडा गाळ. संडासाचं भांडं तांबडं, पांढरे कपडे पिवळे, चहा काळपट (चहातलं टॅनिन आणि पाण्यातलं लोह एकत्र आलं की असा रंग येतो), सासूबाई म्हणायच्या भातालासुद्धा वास येतो. इकडे बऱ्याच घरांत हीच कथा आहे, सत्तरी, सांगे, केपेकडेही. जमिनीतच लोहखनिज भरलेलं आहे तर पाण्यात लोह येणारच.

तर दोन अनुभव आले, दोन्ही लिहिते कारण एकाशिवाय दुसरा कळणार नाही.

पहिला जो आला तो एका मोठ्या कंपनीचा माणूस, नाव लिहीत नाही. त्याने टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा) बुडवला, आकडा आला साठच्या आसपास, तो काही बोलला नाही. मग बॅगेतून दोन सळ्यांचं यंत्र काढलं, ग्लासात बुडवून करंट दिला, आणि पाणी बघता बघता घाणेरडं तपकिरी-हिरवं झालं. म्हणाला बघा मॅडम, हे सगळं पोटात जातंय, यात आर्सेनिकसुद्धा असतं, आरओ (बारीक पडद्यातून दाबाने पाणी गाळणारं मशीन) आणि वर आर्सेनिक कार्ट्रिज लावा. आकडा सांगितला तो ऐकून सासरे उठून आत गेले.

या सळ्यांच्या प्रयोगाबद्दल सगळ्यांना माहीत असायला हवं. त्यातली एक सळी लोखंडाची असते, करंट दिला की ती सळीच विरघळते आणि तिचा गंज पाण्यात दिसतो. म्हणजे जी घाण दिसते ती बहुतेक सगळी सळीची, पाण्याची नाही. चांगल्या शुद्ध नळाच्या पाण्यातही तोच रंग येईल. आणि आर्सेनिकचं म्हणाल तर ते अशाने दिसत नाही, टीडीएस मीटरनेही दिसत नाही, कारण भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, पिण्याच्या पाण्यातल्या आर्सेनिकची मर्यादा आहे 0.01 मिलिग्रॅम प्रति लिटर. टीडीएस मीटर एक-एक मिलिग्रॅमच्या टप्प्याने मोजतो. मर्यादेच्या दहापट आर्सेनिक असलं तरी त्या मीटरच्या काट्याला पत्ता लागणार नाही. त्याला ना रंग, ना वास, ना चव. म्हणूनच तर ते इतकं घातकी.

साठ टीडीएसच्या पाण्याला आरओ कशाला हेही मला कळलं नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्येच सांगितलं होतं की 500 च्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ वापरू देऊ नका, कारण त्यात निम्म्याहून जास्त पाणी गटारात जातं आणि पाण्यातले थोडेफार असलेले क्षारही निघून जातात. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीतलं पाणी मुळातच इतकं मऊ असतं.

पण आर्सेनिक हा शब्द माझ्या डोक्यात राहिला, आणि त्याला कारण आहे. आमच्या खालच्या खोलीत पश्चिम बंगालमधल्या मुर्शिदाबादचं एक कुटुंब भाड्याने राहतं, तो सेंट्रिंगचं काम करतो, ती घर सांभाळते आणि मला दीदी म्हणते. तिने एकदा तिच्या सासऱ्यांच्या तळहातांबद्दल सांगितलं होतं, कडक खडे खडे झालेले, अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे डाग. गावात तसे बरेच आहेत म्हणाली. वर्षानुवर्षं आर्सेनिकचं पाणी पोटात गेलं की असं होतं, पुढे कातडीचा, फुफ्फुसाचा, मूत्राशयाचा कॅन्सर. ही गोष्ट ऐकून मी आर्सेनिकला "कंपनीवाल्याची भीती" म्हणून झटकून टाकू शकत नव्हते. आमच्या पाण्यात आहे की नाही हे मला नक्की कळायला हवं होतं.

मग दुसरा. म्हापशाकडचा एक माणूस, वॉटर ट्रीटमेंटचं काम करतो, छोटं दुकान. नावाची जाहिरात करत नाही कारण हा काही ब्रँडचा माल नाही, टाकी एकाकडची, व्हॉल्व्ह दुसऱ्याकडचा, आतला माल (म्हणजे पाणी गाळणारे दाणे) तिसऱ्याकडचा असा जुळवलेला सेट आहे आणि असं काम करणारे अजूनही आहेत. त्याला फोन केला तर म्हणाला, बाय, आधी पाणी बघूया, फिल्टरचं नंतर. आला तेव्हा हातात पीएच मीटर आणि लोहाची किट, बॅगेत विकायला काही नाही. तिथेच मला तो पटला.

जाग्यावर पीएच आला 5.8. म्हणजे चांगलंच आम्लधर्मी. जांभ्याच्या प्रदेशात हे नेहमीचं, एवढा पाऊस मातीतून झिरपतो, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खाली जातो आणि वाटेत चुनखडी नाही की जी आम्लता मारेल. लोह 2.8 मिलिग्रॅम. 0.3 च्या वर गेलं की डाग पडायला लागतात, यावरून अंदाज करा.

आता इथे खरी गोम आहे आणि बहुतेक जण इथेच फसतात. साधा आयर्न फिल्टर चालतो कसा, तर पाण्यात विरघळलेलं लोह हवेतल्या ऑक्सिजनने गंजतं, गंजाचे कण होतात आणि ते कण वाळूत अडकतात. एक मिलिग्रॅम लोहाला ऑक्सिजन लागतो जेमतेम 0.14 मिलिग्रॅम, म्हणजे हवा कमी पडत नाही. कमी पडतो तो पीएच. पीएच एकाने खाली गेला की ही क्रिया साधारण शंभरपट मंद होते! सातला जे काही मिनिटांत होतं ते सहाच्या खाली दिवसभरात होत नाही. मग लोह विरघळलेलंच फिल्टरमधून आरपार जातं आणि तुमच्या टाकीत जाऊन सावकाश गंजतं. आमच्या वाड्यावरच एका घरी पंचवीस हजारांचा फिल्टर बंद पडून आहे, माल खराब म्हणून त्यांनी सोडून दिला, आणि मला आता खात्री वाटते की माल ठीक होता, पाण्याची आम्लताच कोणी बघितली नाही.

ह्या माणसाने केलं ते असं. बोअरचं पाणी थेट फिल्टरला न देता आधी खालच्या प्लास्टिक टाकीत भोकं पाडलेल्या पाइपातून पावसासारखं सोडलं. त्याने हवा मिसळते आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो, नुसत्या एवढ्यानेच पीएच थोडा वर येतो. मग पहिली एफआरपी (फायबरची) टाकी, त्यात कॅल्साइट म्हणजे चुनखडीचे दाणे, आम्ल पाण्यात ते हळूहळू विरघळतात आणि पीएच सातच्या वर नेतात. दुसऱ्या टाकीत मँगनीज डायऑक्साइडचा थर असलेला माल, त्याच्या पृष्ठभागावर लोहाचं गंजणं झटपट होतं आणि गाळ तिथेच अडकतो. दोन्ही टाक्यांना वर मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, उलट पाणी सोडून धुवायला, म्हणजे बॅकवॉशला. कॅल्साइटमध्ये मोठी सोय अशी की पाणी सातच्या पुढे गेलं की ते फारसं विरघळत नाही, म्हणजे जास्त होण्याची भीती नाही, सोडा किंवा चुना मोजून टाकायची कटकट नाही.

आर्सेनिकसाठी त्याने सॅम्पल लॅबला पाठवायला सांगितलं, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली लॅब बघा म्हणाला. आणि बाटली कशी भरायची ते सांगितलं, हे मला कुठेही कोणी सांगितलं नव्हतं. लोह असलेलं पाणी साध्या बाटलीत नेलं तर वाटेत लोह गंजून तळाला बसतं, आणि पाण्यात आर्सेनिक असेल तर तेही त्या गंजाला चिकटून तळाला जातं. लॅबवाल्याने वरचं स्वच्छ पाणी घेतलं की रिपोर्टमध्ये आकडा कमी येणार आणि तुम्ही बिनधास्त पीत राहणार. म्हणून धातूंच्या चाचणीची बाटली लॅबकडूनच मागायची, त्यात थोडं नायट्रिक अॅसिड आधीच असतं, ती विसळायची नाही, पाणी भरून झाकण लावायचं. अॅसिडमुळे सगळं विरघळलेलंच राहतं. बोअर काही वेळ चालू ठेवून मग भरायची, पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी नको.

रिपोर्ट आला, आर्सेनिक सापडलं नाही. मोकळा श्वास घेतला. आणि हा माणूस ते बघून म्हणाला, मग आर्सेनिकचं काही लावायचं नाही, पैसे कशाला घालवता. त्याच्याकडे तो माल विकायला होता, तरी.

मला जी गोष्ट सगळ्यात आवडली ती यानंतरची. खालची ती, मुर्शिदाबादवाली, फिल्टर बसताना बघत होती आणि तिने विचारलं, दीदी, हाच आमच्या गावी लावला तर चालेल का? मी त्याला विचारलं, आणि तो चक्क पाऊण तास आमच्या बल्कांवावर (दारापुढच्या ओसरीवर) बसून समजावत राहिला. मीही नंतर बरंच वाचलं, त्यातलं जेवढं पक्कं कळलं तेवढं लिहिते.

तिकडचं पाणी आणि आपलं पाणी दोन्हीत लोह आहे पण जमीन वेगळी. गंगेच्या त्रिभुज प्रदेशात नदीने आणलेला नवा गाळ आहे, त्यात कुजलेला पालापाचोळा गाडला गेलाय, खाली ऑक्सिजन नाही. तिथले जिवाणू गाळाच्या कणांवरचा गंज वापरतात, गंज विरघळतो आणि त्याला पिढ्यान्पिढ्या चिकटून राहिलेलं आर्सेनिक पाण्यात सुटतं. पूर्वी लोक तळ्याचं, विहिरीचं पाणी प्यायचे, जुलाब-कॉलऱ्याने मुलं दगावायची, म्हणून 1970 च्या दशकापासून हातपंप ठोकले गेले. हेतू चांगलाच होता. पण त्या खोलीवर हे बसलेलं होतं हे कोणाला ठाऊक नव्हतं. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी 1983 च्या सुमारास पश्चिम बंगालमधले रोगी ओळखले, बांगलादेशात 1993 मध्ये सापडलं. नंतर तिथे हातपंप तपासून रंगवले गेले, हिरवा म्हणजे प्या, लाल म्हणजे पिऊ नका.

आणि इलाजसुद्धा त्याच लोहात आहे! लोह पाण्यात असताना गंजवलं की तयार होणारा कोवळा गंज आर्सेनिक पकडतो. म्हणजे आमचा हा फिल्टर तिच्या गावी लावला तर लोहाबरोबर काही आर्सेनिक नक्की अडकेल. काही, सगळं नाही. कारण जमिनीखाली ऑक्सिजन नसल्यामुळे तिथलं बरंचसं आर्सेनिक आर्सेनाइट या रूपात असतं, पिण्याच्या पाण्याच्या पीएचला त्याच्यावर विद्युतभार नसतो म्हणून ते गंजाला नीट चिकटत नाही, आरओच्या पडद्यातूनसुद्धा बऱ्यापैकी निसटतं. त्याचं आर्सेनेट, म्हणजे विद्युतभार असलेलं रूप, करावं लागतं, आणि नुसत्या हवेने ते फार सावकाश होतं, क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेटने लगेच होतं. शिवाय लोह आर्सेनिकपेक्षा कितीतरी पट जास्त हवं, आणि पाण्यात फॉस्फेट जास्त असेल तर गंजावरची जागा तेच अडवून बसतं. तेव्हा त्याचं उत्तर होतं की याच फिल्टरच्या आधी क्लोरीन आणि नंतर आर्सेनिक शोषणारा माल लावावा लागेल, आणि दर काही महिन्यांनी लॅबमध्ये तपासावं लागेल, नुसतं पाणी स्वच्छ दिसतंय यावर भरवसा नको. उकळून तर अजिबात नाही, उकळल्याने पाणी आटतं आणि आर्सेनिक तेवढंच राहतं, उलट जास्त तीव्र.

याच तत्त्वावर लोकांनी किती साध्या गोष्टी केल्यात बघा. नेपाळमध्ये कांचन फिल्टर आहे, वाळूच्या फिल्टरवर लोखंडी खिळे ठेवायचे, ते गंजतात आणि आर्सेनिक धरतात. मूळचे बांगलादेशातले रसायनशास्त्रज्ञ अबुल हुस्साम यांनी लोखंडाच्या किसाचा सोनो फिल्टर केला, त्याला 2007 मध्ये अमेरिकेत दहा लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. आयआयटी मद्रासच्या प्रा. टी. प्रदीप यांचा अमृत हाही लोहाच्याच अतिसूक्ष्म रूपाचा माल. आणि हे वाचून तर मी उडालेच, आयआयटी खरगपूरच्या प्रा. सिरशेंदु डे यांनी आर्सेनिक काढायला काय वापरलं तर जांभा! आपला चिऱ्याचा जांभा दगड, बारीक करून अॅसिड आणि अल्कलीने प्रक्रिया केलेला. ज्या दगडाने आमची कंपाउंडची भिंत बांधलीय त्यातल्या लोह आणि अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडला आर्सेनिक चिकटतं. कच्चा चिरा फोडून माठात टाकायचा असा अर्थ कोणी काढू नका, प्रक्रियेशिवाय तो फार थोडं शोषतो.

अजून एक पद्धत आहे तिचा मला सगळ्यात जास्त मोह पडला. जमिनीखालीच आर्सेनिक अडवायचं. बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत असताना भास्कर सेन गुप्ता यांनी पश्चिम बंगालमध्ये काशिमपूरला असा प्लांट उभा केला. बोअरचं थोडं पाणी वर काढायचं, त्यात हवा मिसळायची आणि ते परत त्याच थरात सोडायचं. बोअरभोवती ऑक्सिजनचा पट्टा तयार होतो, लोह तिथेच कणांवर गंजून बसतं, आर्सेनिक त्याला धरून राहतं, मग जे पाणी वर येतं ते बरंच स्वच्छ. केमिकल नाही, आर्सेनिकचा गाळ वर येत नाही. मी लगेच विचारलं आपल्याकडे लोहासाठी हे का नाही. तर म्हणाला, तिकडे वाळूचा थर आहे, सोडलेलं पाणी बोअरभोवती सारखं पसरतं, आपल्याकडे कातळातल्या फटी, पाणी कुठल्या फटीने कुठे जाईल सांगता येत नाही, वर पीएच इतका कमी. पटलं मला.

आता तोटे. कॅल्साइट विरघळून संपतं, वर्षातून एकदा भरावं लागतं. थोडं लोह कॅल्साइटच्या टाकीतच गंजतं आणि दाण्यांवर बसतं, म्हणून तिचंही बॅकवॉश नियमित लागतं, नाहीतर दाणे एकमेकांना धरून गठ्ठा होतो. पाण्याचा कठीणपणा थोडा वाढला, साबणाला फेस आधीपेक्षा कमी, पण आमचं पाणी इतकं मऊ होतं की हा फरक सोसण्यासारखा आहे. बॅकवॉशला चांगलं प्रेशर लागतं आणि पाणी बरंच जातं, आम्ही ते माडांच्या आळ्यात सोडतो. आमच्या गाळात आर्सेनिक नाही म्हणून हे चालतं, बंगालमध्ये हाच गाळ असा झाडाला घालता येणार नाही, त्याची वेगळी विल्हेवाट लावावी लागते. व्हॉल्व्ह हाताने फिरवायचा आहे, ऑटोमॅटिक महाग पडत होता, घरात वयस्कर माणसंच असतील तर ऑटोमॅटिक घ्या. आणि एक, हा फिल्टर जंतू मारत नाही. पिण्याचं आम्ही अजून उकळूनच घेतो.

खर्च तीस हजारांच्या आसपास आला, टाकी आणि प्लंबिंग धरून. त्या आरओवाल्याच्या निम्म्याहून कमी.

फिल्टरनंतरचं पाणी परत लॅबला दिलं होतं, पीएच 7.2 आणि लोह 0.2 च्या खाली. संडासाचं भांडं पांढरं राहतं, चहाचा रंग चहासारखा आहे, चवथीला पाहुणे होते तेव्हा पाण्याचा वापर दुप्पट झाला तरी लाल पाणी आलं नाही, मात्र त्या दिवसांत बॅकवॉश रोज घेतला. पावसाळ्यात पीएच अजून खाली जातो असं तो म्हणाला होता आणि ते खरं निघालं, तेव्हा टाकीत पाणी पडायचा पाइप थोडा उंच केला आणि पंप सावकाश चालवला, म्हणजे कॅल्साइटला जास्त वेळ मिळतो.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो लेखी माहिती न दिल्याबद्दल, व्हॉल्व्ह कसा फिरवायचा, माल किती आणि कधी भरायचा हे सगळं तोंडी सांगून गेला, मी फोनवर व्हिडिओ काढून ठेवला म्हणून निभावतंय. किनाऱ्याकडे, पेडणे-बार्देश-सालसेतच्या समुद्राजवळ राहत असाल आणि पाणी खारट लागत असेल तर हा सेट तुमच्यासाठी नाही, मीठ यातून निघत नाही.

खालच्या तिने गावी फोन करून हातपंपाचं पाणी तपासायला सांगितलंय, पंचायतीकडे किट आहे असं कळलं. किटमध्ये जस्त आणि अॅसिड टाकून जो वायू निघतो त्याने, पाण्यात आर्सेनिक असेल तर, कागदाची पट्टी पिवळी ते तपकिरी होते. त्याच वायूत आर्सेनिक असतं आणि तो विषारी, म्हणून हे उघड्यावर करायचं, मुलांना लांब ठेवून, हेही तिला सांगितलं. पट्टी किती गडद होते ते कळलं की म्हापशाच्या माणसाला परत विचारणार आहे, तो म्हणालाय आकडा द्या, कुठला माल किती किलो लागेल ते मी फुकट काढून देतो.